न्यू जर्सीची एसयूव्ही, बारमाही पाऊस आणि अधूनमधून बर्फ: टायर कोणते घ्यावेत

न्यू जर्सीत एसयूव्हीचे टायर बदलायला झाले की बोलणं बर्फावरून सुरू होतं. बर्फाची भीती वाटते, पावसाची वाटत नाही. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस तर पावसात गाडी चालवतच शिकलेला असतो. पण आकडे बघा. नेवार्कला एका हिवाळ्यात सरासरी ३० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, तोही मोजक्या वादळांत. पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून वर्षाचं पाणी मात्र ४६-४७ इंच भरतं आणि ते बाराही महिन्यांत जवळपास सारखं वाटलेलं असतं. पुण्यासारखं जून ते सप्टेंबरमध्ये उरकत नाही. शिवाय इथला पाऊस टर्नपाइकवर ताशी ६५ मैलांच्या वेगात झेलायचा असतो आणि हिवाळ्यात तो ३५-४० अंश फॅरनहाइटच्या गार रस्त्यावर पडतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ओल्या रस्त्यावर टायर गाडी किती अंतरात थांबवतो ते बघायचं. मग त्यावर बर्फाचं खरं चिन्ह आहे का ते बघायचं. आवाज, मायलेज, किती हजार मैलांची वॉरंटी या गोष्टी त्यानंतर. दुकानात हा क्रम बहुतेक वेळा उलटा सांगितला जातो, कारण वॉरंटीचा आकडा सांगायला सोपा असतो.

ऑल-व्हील ड्राइव्हबद्दल सुरुवातीलाच बोलून घेऊ, कारण सगळ्यात महागडा गैरसमज तिथेच आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. त्यामुळे गाडी जागची हलते. सिग्नलला उभी असताना, चढावर, ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊने, म्हणजे बर्फ साफ करणाऱ्या गाडीने, लोटलेल्या ढिगातून बाहेर पडताना तिचा उपयोग शंभर टक्के आहे. पण ब्रेक दाबल्यावर ती काहीही मदत करत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना लागतात आणि गाडी किती अंतरात थांबेल हे रस्त्याला टेकलेल्या रबराच्या चार तुकड्यांवर ठरतं. त्यात एसयूव्ही सेडानपेक्षा जड. ऑल-व्हील ड्राइव्हमुळे वेग सहज पकडता येतो, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज चालकाला पहिल्यांदा ब्रेक मारतानाच येतो. चांगले टायर घातलेली साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी झिजलेल्या ऑल-सीझनवरच्या ऑल-व्हील ड्राइव्हपेक्षा बर्फात आधी थांबते आणि वळणावर जास्त भरवशाची असते.

तीन प्रकार आणि दोन चिन्हं

नवी गाडी इथे येते ती ऑल-सीझन टायरवर. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, एम+एस असं लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. या अक्षरांवर विसंबू नका. एम+एस हे नक्षीच्या रचनेवरून दिलं जातं: खाचांची मोकळी जागा किती, कडेच्या खाचा कशा, एवढंच. ते लिहिण्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावाच लागतो असं नाही.

दुसरं चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. हे १९९९ पासून आहे आणि ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते, ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. चांगलं चिन्ह आहे, पण त्याची मर्यादाही माहीत असू द्या. ही चाचणी सरळ रेषेत वेग पकडण्याची आहे. वळताना काय होतं, ब्रेक मारल्यावर काय होतं आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर गोठलेल्या, सहज न दिसणाऱ्या गुळगुळीत काळ्या बर्फावर काय होतं, हे त्यात मोजलेलं नसतं. म्हणून डोंगराचं चिन्ह असलेले दोन टायर बर्फावर सारखेच चालतील असं मानू नका.

हे चिन्ह खऱ्या विंटर टायरवर असतं आणि गेल्या काही वर्षांत रुळलेल्या, बाराही महिने ठेवता येणाऱ्या ऑल-वेदर टायरवरही असतं. मिशलिनचा क्रॉसक्लायमेट २, ब्रिजस्टोनचा वेदरपीक, टोयोचा सेल्सियस २, नोकियनचा रेमेडी डब्ल्यूआरजी५, गुडइयरचा ॲश्युरन्स वेदररेडी २ हे ऑल-वेदर. मिशलिनचा एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोनचे ब्लिझॅक, नोकियनचे हाकापेलीटा, कॉन्टिनेन्टलचा वायकिंगकॉन्टॅक्ट ७ हे विंटर. ऑल-सीझन आणि ऑल-वेदर ही नावं दुकानाच्या बिलावर सहज अदलाबदल होतात. फोनवर भाव विचारताना मॉडेलचं पूर्ण नाव घ्या आणि टायर बसवायच्या आधी साइडवॉलवरचा डोंगर स्वतः बघा.

फरक रबरात आणि नक्षीत, दोन्हीत आहे. साधारण ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ७ अंश सेल्सियसच्या खाली ऑल-सीझनचं रबर कडक होत जातं आणि रस्त्याच्या खरखरीतपणात रुतत नाही. विंटर टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांवर उभ्या बारीक चिरा असतात, ज्यांना सायप्स म्हणतात. चाक फिरताना या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला धरतात. खोल खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फ बर्फाला चांगला चिकटतो, त्यामुळे बर्फाने भरलेली नक्षी दिसली म्हणजे टायर बिघडलाय असं नाही, तो आपलं काम करतोय.

मऊ रबराची किंमत मात्र पावसात मोजावी लागते. एप्रिलमधल्या ६० अंशांच्या ओल्या रस्त्यावर विंटर टायर चांगल्या ऑल-सीझनपेक्षा लांब जाऊन थांबतो. भरपूर चिरांमुळे ठोकळे लुचलुचतात, स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळतो आणि उन्हाळ्यात टायर भराभर झिजतो. विंटर टायर वर्षभर ठेवून पैसे वाचवायचा विचार यासाठी वाईट आहे. वाचत काहीच नाही आणि जुलैच्या वादळी पावसात गाडीवर सगळ्यात चुकीचा टायर असतो.

कुणी काय घ्यावं

एडिसन, पर्सिपनी, ब्रिजवॉटर, प्रिन्स्टनच्या आसपास राहणाऱ्या, बर्फाच्या दिवशी घरून काम करू शकणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदा पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत जाणाऱ्या कुटुंबाने डोंगराचं चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर घ्यावेत आणि बाराही महिने तेच ठेवावेत. इथले रस्ते लवकर साफ होतात, मीठ भरपूर पडतं आणि वादळानंतर दुसऱ्या दिवशी बहुतेक रस्ता ओला असतो, पांढरा नसतो. ओल्या, गार रस्त्यावर चांगला ऑल-वेदर अगदी योग्य जागी असतो.

रुग्णालयात पाळी असणारे, पहाटे चारला प्लाऊ यायच्या आधी निघणारे, ससेक्स काउंटीच्या उतारांवर राहणारे किंवा दर शनिवारी मुलांना स्कीइंगला व्हरमाँटकडे नेणारे यांचं गणित वेगळं आहे. त्यांनी विंटर टायरचा वेगळा सेट घ्यावा. आणि बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूसकडच्या मंडळींनी यावर फार विचार करू नये. बफेलोत हिवाळ्याला सरासरी ९५ इंचांच्या आसपास बर्फ पडतो, सिरॅक्यूसला १२० च्या वर. ग्रेट लेक्स या मोठ्या तळ्यांवरून येणारा बर्फ तासाला दोन-तीन इंचांनी साचतो, तिथे विंटर सेट हवाच.

खिळ्यांचे टायर या पट्ट्यात मी सुचवणार नाही. खिळ्यांचा फायदा घट्ट, गुळगुळीत बर्फावर आहे, तर न्यू जर्सीचा हिवाळा बहुतांशी ओलं डांबर आणि काँक्रीट. त्यावर खिळे पकड कमी करतात, आवाज करतात आणि रस्ता खरवडतात. त्यांना परवानगीही फक्त हिवाळ्यापुरती असते आणि तारखा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत.

नाताळात गाडीने माँट्रियलला जाणाऱ्यांच्या मनात नेहमी एक प्रश्न असतो. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, पण ती सक्ती क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना आहे, न्यू जर्सीच्या पाटीच्या गाडीला नाही. कायदा लागू नसला तरी बर्फ लागू असतो. डोंगराच्या चिन्हाच्या टायरशिवाय तिकडे जानेवारीत जाऊ नये.

खाचेची खोली: सगळ्यात दुर्लक्षित आकडा

नव्या ऑल-सीझनच्या खाचा साधारण १०/३२ इंच खोल असतात. कायद्याची किमान मर्यादा २/३२. या दोन आकड्यांच्या मध्ये टायर सरळ रेषेत बिघडत जातो असं समजू नका. टायर रॅक या विक्रेत्यांनी केलेल्या एका चाचणीत ताशी ७० मैलांवरून ओल्या रस्त्यावर सेडान थांबवली, तेव्हा नव्या टायरवर साधारण १९५ फूट लागले, ४/३२ वर २९० फूट आणि २/३२ वर ३७९ फूट. म्हणजे कायदेशीर टायर गाडीला जवळजवळ दुप्पट अंतर नेतो. नवा टायर जिथे थांबला असता, त्या जागेवरून २/३२ चा टायर अजून हायवेच्या वेगातच पुढे जातो.

कारण पाण्याला जायला जागा उरत नाही. खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. त्या उथळ झाल्या की टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते, ती रबराखाली शिरते आणि गाडी पाण्यावर तरंगते. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. खाचेच्या खोलीपेक्षा पाणी जास्त असेल तर किती वेगाला गाडी तरंगेल याचा एक जुना अंदाज नासाच्या विमानाच्या टायरवरच्या अभ्यासातून आलेला आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाच्या (पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड) वर्गमुळाला १०.३५ ने गुणा, येणारा आकडा ताशी मैल. ३३ पीएसआयला साधारण ५९. हायवेवर सगळे ६५-७० ने जात असतात, म्हणून खाचा खोल असणं गरजेचं.

घरी मोजायला मापक मिळतो आणि तो स्वस्त आहे. नसेल तर नाणी चालतात. पेनी उलटी धरून खाचेत घाला. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर २/३२ किंवा कमी, टायर संपला. क्वार्टर तसाच घाला. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग रबराने झाकला जात नसेल तर ४/३२ च्या खाली गेलात, पावसासाठी टायर बदलायची वेळ झाली. बर्फासाठी २००८ पर्यंतच्या पेनीची मागची बाजू वापरा. लिंकन मेमोरियलचं छप्पर झाकलं जात असेल तर ६/३२ च्या वर आहे. बर्फात मी ५/३२ ला शेवट मानतो. त्याखाली विंटर टायरही नुसता ओल्या रस्त्याचा टायर उरतो, आणि तोही फार चांगला नाही.

मोजताना एका जागी मोजू नका. आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड, तिन्ही. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे, बहुतेक वेळा टो, म्हणजे चाकांचं तोंड किंचित आत किंवा बाहेर वळलेलं. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवली गेली. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त. हे न बघता नवा सेट बसवला तर तो अर्ध्या आयुष्यात जाईल.

माप, वजन आणि वेगाची अक्षरं

२०१९ ते २०२५ ची टोयोटा रॅव्ह४ घेऊ, कारण आपल्याकडे ती गल्लोगल्ली आहे. तिच्या साध्या ट्रिमवर (आवृत्तीवर) २२५/६५आर१७ १०२एच असतो. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १७ म्हणजे व्हीलचा व्यास इंचांत. १०२ हा भार-क्रमांक, एका टायरला ८५० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची पात्रता. माप आणि भार-क्रमांक चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी जुळवून बघा. भार-क्रमांक खाली आणू नका. १०२ च्या जागी ९८ स्वस्तात मिळाला तर तो स्वस्त नाही, गाडी सामानाने आणि माणसांनी भरल्यावर टायर तापतो. वर जायला हरकत नाही: १०६ चा एक्सएल (जास्त भाराचा) टायर ९५० किलो पेलतो, मात्र साइडवॉल कडक असल्याने खड्डा थोडा जास्त जाणवतो. वेगाच्या अक्षरात विंटर टायरला एक-दोन पायऱ्या खाली जायची मुभा असते, टी म्हणजे १९० किलोमीटर, ते पुरे. वर्षभराच्या टायरला मात्र मूळ अक्षर राखा, कारण त्यावर वळणावरचा ठामपणाही अवलंबून असतो.

त्याच रॅव्ह४ च्या वरच्या ट्रिमवर २३५/५५आर१९ येतो. दिसायला रुबाबदार, पण टायर महाग, साइडवॉल बुटकी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये २८७ हायवेवर आणि रूट १ वर खड्डे पडले की साइडवॉलला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्याची दुरुस्ती होत नाही, टायर काढावाच लागतो. विंटर सेटसाठी अशा गाडीला १७ किंवा १८ इंची व्हील घेणं शहाणपणाचं. उंच साइडवॉल खड्डा पचवते, अरुंद टायर बर्फात नीट कापत जातो आणि पाण्यावर उशिरा तरंगतो. फक्त दोन गोष्टी तपासा. लहान व्हील ब्रेक कॅलिपरला घासता कामा नये आणि एकूण व्यास मूळच्या ३ टक्क्यांच्या आत हवा. २३५/५५आर१९ चा व्यास सुमारे ७४१ मिमी, २२५/६५आर१७ चा ७२४, म्हणजे फरक २.३ टक्के. २०१७ ते २०२२ च्या होंडा सीआर-व्हीत हे अजून जवळ आहे: २३५/६०आर१८ चे ७३९ आणि २३५/६५आर१७ चे ७३७. स्पीडोमीटरला कळतही नाही.

साइडवॉलवर ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड) आणि टेम्परेचर (उष्णता) अशी तीन मानांकनं असतात. ट्रेडवेअरचा ७०० हा आकडा निर्माता स्वतः ठरवतो, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका. ट्रॅक्शनचं ए किंवा एए हे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्यापुरतं असतं. वळणाचं किंवा तरंगण्याचं त्यात काही नाही. विंटर टायरला ही मानांकनं लागूच नाहीत. म्हणून मी टायर रॅक आणि कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या तुलनात्मक चाचण्यांमधलं ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंगचं अंतर बघतो. तेही एकाच चाचणीतल्या टायरांचं, कारण वेगळ्या दिवशी, वेगळ्या रस्त्यावर मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

दोन की चार

ऑल-व्हील ड्राइव्हला चारही एकदम. कारण यांत्रिक आहे. झिजलेल्या टायरचा घेर लहान असतो, तो जास्त फेऱ्या मारतो. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या फेऱ्यांत कायम फरक पडला की मधला क्लच किंवा डिफरेन्शियल सरळ हायवेवरही सतत घसरत राहतो, तापतो आणि शेवटी जातो. त्याचा खर्च चार टायरांच्या कितीतरी पट. बहुतेक निर्माते चार टायरांत २/३२ पेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत आणि सुबारू याबाबत विशेष कडक आहे. एकच टायर खड्ड्यात गेला आणि बाकीचे ७/३२ ला असतील, तर त्याच मॉडेलचा नवा टायर तासून ७/३२ वर आणून मिळतो. टायर रॅक ही सोय देते. चांगले तीन टायर फेकण्यापेक्षा हे बरं.

फ्रंट-व्हील ड्राइव्हला दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, पुढे नव्हे. मागचे झिजलेले टायर पाण्यावर तरंगले तर गाडीचं शेपूट सुटतं आणि ते सावरणं फार थोड्यांना जमतं. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा पुन्हा हातात येते. विंटर टायर फक्त पुढच्या दोन चाकांना लावणं याच कारणाने धोक्याचं आहे.

दुकानात

खरेदी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये करा. पहिल्या बर्फाचा अंदाज आला की चालू मापं संपतात आणि मग जे उरलंय ते गळ्यात मारलं जातं. बसवायची वेळ म्हणजे पहाटेचं तापमान नियमितपणे ४५ अंशांखाली जायला लागेल तेव्हा.

साइडवॉलवर डीओटीने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. ३५२५ म्हणजे २०२५ सालचा ३५ वा आठवडा. वर्षभराच्या आतला हवा, दोन वर्षं गोदामात पडलेला असेल तर दुसरा मागा किंवा भाव कमी करून घ्या. रबर वापरात नसतानाही म्हातारं होतं. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावा आणि खाचा कितीही उरल्या तरी दहा वर्षांनंतर ठेवू नये. स्पेअरलाही हे लागू आहे.

भाव विचारताना 'सगळं मिळून किती' असं विचारा: बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह किंवा हवेच्या दाबाच्या सेन्सरची किट, जुने टायर टाकण्याचा खर्च, न्यू जर्सीची टायरमागे दीड डॉलर फी. ऑनलाइन टायर स्वस्त दिसतो तो बहुधा यातलं काहीच धरलेलं नसतं म्हणून. दुकानात काम चालू असताना गाडीपाशी जाऊ देत नसतील तर बाहेर आल्यावर पार्किंगमध्येच तपासा. क्रॉसक्लायमेट २ सारख्या दिशेच्या टायरवर बाण असतो, तो चाक पुढे फिरतं त्याच दिशेला हवा. घाईत एखादा उलटा बसतो आणि मग त्याची नक्षी पाणी बाहेर न फेकता आत ओढते. असममित नक्षी असेल तर 'आउटसाइड' हा शब्द बाहेर दिसला पाहिजे. चारही टायरांवर माप, भार-क्रमांक आणि मॉडेल एकच आहे ना तेही बघा.

नट किती घट्ट हा प्रश्न बारीक वाटतो, पण त्यात चूक झाली तर चाक निघू शकतं. रॅव्ह४ ला ७६ फूट-पाउंड, सीआर-व्हीला ८०, टॉर्क पान्ह्याने, ताऱ्याच्या क्रमाने. हवेच्या बंदुकीने गच्च केलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्ह्याने सुटत नाहीत, शिवाय ब्रेक डिस्कवर असमान ताण येतो. ५० ते १०० मैल झाले की पुन्हा टॉर्क तपासून घ्या. बाहेरची व्हील घेतली असतील तर नटांची बैठक बघा. होंडाच्या मूळ व्हीलला गोल बैठकीचे नट असतात, बाजारातल्या बहुतेक व्हीलला शंकूच्या आकाराचे. एकमेकांचे वापरले तर नट बसल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो. या दोन्ही गाड्यांचा बोल्ट-पॅटर्न ५ गुणिले ११४.३ असला तरी मधलं भोक वेगळं आहे, रॅव्ह४ ला ६०.१ मिमी आणि सीआर-व्हीला ६४.१. भोक मोठं असेल तर त्यात योग्य मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर ताशी ६० मैलांना स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात.

नवे टायर पहिले काहीशे मैल जपून चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं द्रव्य वरच्या थरावर उरलेलं असतं, त्यामुळे पावसात सुरुवातीला पकड कमी असते.

हवा

तापमान दर १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. सप्टेंबरमध्ये ७० अंशांना ३३ भरलेली हवा जानेवारीत २० अंशांना २८ होते, टायर कुठेही गळत नसताना. आणि धोका असा की डॅशबोर्डवरचा दिवा तेव्हा लागत नाही. कायद्यानुसार तो दाब स्टिकरच्या २५ टक्के खाली गेल्यावर लागायला हवा, म्हणजे ३३ च्या गाडीत २५ च्या आसपास. २८ वर दिवा बंद, पण मघाच्या सूत्राप्रमाणे तरंगण्याचा वेग ५९ वरून ५५ वर आलेला असतो आणि टायरच्या कडा झिजायला लागलेल्या असतात. दिव्यावर राहू नका, महिन्याला एकदा मीटर लावा. गाडी तीन तास उभी असताना, सकाळी. आकडा दारावरच्या स्टिकरचा घ्या, साइडवॉलवर लिहिलेला तो टायरचा कमाल दाब असतो. ६० अंशांच्या गॅरेजमध्ये हवा भरून १० अंशांत बाहेर पडणार असाल तर ४-५ पीएसआय जास्त भरा. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करायचा सल्ला वाळूसाठी आहे, हायवेवरच्या बर्फासाठी नाही.

विंटर सेटला वेगळी व्हील आणि वेगळे सेन्सर घेतलेले बरे. दर मोसमाला त्याच रिमवरून टायर काढून घालत राहिलं तर दोन-तीन वर्षांत मजुरीच व्हीलच्या किमतीला येते आणि टायरची आतली कड फाटायचा धोका वेगळा. सेन्सर गाडीच्या फ्रिक्वेन्सीचे, ३१५ की ४३३ मेगाहर्ट्झ ते विचारून घ्या. त्यांची बॅटरी बदलता येत नाही आणि सात ते दहा वर्षांत संपते. जुन्या गाडीला नवे टायर घालतानाच सेन्सर बदलले तर पुन्हा टायर उतरवायचा खर्च वाचतो.

चाकं दर ५,००० ते ७,५०० मैलांना फिरवा आणि पावती जपा, कारण ६०,००० मैलांच्या वॉरंटीचा दावा करताना ती मागतात. दिशेचे टायर फक्त पुढे-मागे फिरतात, उजवी-डावी अदलाबदल करायची तर रिमवरून काढावे लागतात. ही वॉरंटीही पूर्ण पैसे परत देत नाही, न चाललेल्या मैलांच्या प्रमाणात नव्या टायरवर सूट देते.

एप्रिलमध्ये विंटर सेट उतरवताना प्रत्येक टायरच्या आत खडूने जागा लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा. मीठ धुऊन, पूर्ण वाळवून काळ्या पिशवीत बांधा आणि फर्नेस किंवा विजेच्या मोटरपासून दूर ठेवा, कारण त्यांच्यातून निघणारा ओझोन रबर तडकवतो. व्हीलसकट असतील तर एकावर एक आडवे, नुसते टायर असतील तर उभे. बांधायच्या आधी खाचा मोजून आकडा कागदावर लिहून पिशवीतच टाका. ६/३२ पेक्षा कमी आला तर नव्या सेटसाठी चौकशी उन्हाळ्यातच सुरू करा, नोव्हेंबरपर्यंत थांबू नका.